डबी मधेच थांबते

१७ एप्रिल, बुधवार

पुन्हा थांबली. आज आठव्या गाण्यावर. काल अकराव्यावर थांबली होती.

पडद्यावरचा आकडा जातो आणि आवाज बंद. हलवली की कधी आपोआप सुरू होते, कधी बटण दाबावं लागतं. सुरू झाली की परत एक नंबरच्या गाण्यापासून. ते धान रोवण्याचं गाणं आहे. त्याची पहिली दोन कडवी मला आता पाठ झाली आहेत.

कुंता तिला डबी म्हणायची. साबणाच्या वडीएवढी आहे. चिप घातली की गाणी वाजतात, छोटा भोंगा आहे, वर दोरी. दोन वर्षांपूर्वी मूलच्या बाजारातून मीच आणली. गाणीही मीच भरून आणली— रोवण्याची, दंडारीची, नाटकातली पदं, भजनं. एकशे बारा. मोहफुलं वेचायला जाताना ती गळ्यात बांधायची. वनखात्याच्या गार्डने गावात येऊन सांगितलं होतं, जंगलात एकटं जाऊ नका, आवाज करत राहा. आवाज असला की वाघ बाजूने निघून जातो.

तीन तारखेला कुंता गेली. वाघ.

हे लिहायला चौदा दिवस लागले.

होळीच्या दिवशी ती पुरण वाटता वाटता म्हणाली होती, "डबी मधामधात थांबते. पाहून द्या नं." मी म्हणालो, पाहू. पाहिली नाही. माझ्याकडे दहा दिवस होते.

मला एवढंच कळायला हवं— त्या सकाळी डबी वाजत होती की थांबली होती. बाकी काही नको.

१८ एप्रिल, गुरुवार

पोस्टातून दुपारी परतलो. पत्रं चारच होती. लोक हातात पत्र घेतात आणि काही न बोलता आत जातात. बरं वाटतं. बोलले की त्रास होतो.

डबी टेबलावर ठेवली आणि कागदावर लिहीत गेलो— कितवं गाणं, किती मिनिटांनी थांबली. दोन तासांत एकदाही नाही! मग पाणी प्यायला उठलो, येताना हातात घेतली, लगेच थांबली.

काल थांबलेलं आठवं गाणं आज पूर्ण वाजलं. म्हणजे गाण्यात दोष नाही.

डबी आमच्या हाती आली तेव्हा मातीने, दवाने माखलेली होती. वनखात्याच्या लोकांनी टोपलीसकट दिली— टोपली, पाण्याची बाटली, विळा, डबी. दोरी शाबूत. पाच तारखेला मी ती उघडून पुसली. मागच्या झाकणात अडकलेला काळा कचरा काढून टाकला. वाटलं, साफ केली की नीट चालेल. तरी तेच.

१९ एप्रिल, शुक्रवार

मतदान. शाळेत रांग. यादीत माझ्या नावाखाली कुंताचं नाव. यादी घेऊन बसलेल्या पोरीने बोट ठेवून विचारलं, "ह्या आल्या नाई का?"

२० एप्रिल, शनिवार

रात्रभर चार्जिंगला लावली होती. पूर्ण भरली. सकाळी दाढी करताना खिशात ठेवली. तीनदा थांबली. बॅटरी उतरण्याचा हा प्रश्न नाही.

भिंतीवर आज पुन्हा डबा होता. आंबील. शेजारच्या उमाजीची सून सोमारी ठेवून जाते. मी अंगणात असलो की येत नाही, पाठ वळली की ठेवते. ती अहेरीकडची. गेल्या मे महिन्यात लग्न होऊन आली. मोहफुलाचा तिचा या गावातला पहिलाच हंगाम. त्या दिवशी चार बायका गेल्या होत्या. पळत गावात आली ती हीच. तेव्हापासून माझ्याकडे पाहत नाही. कोवळी पोर आहे. तिने काय काय पाहिलं असेल कोणास ठाऊक.

आंबील प्यायलो. डबा धुऊन भिंतीवर ठेवला.

२२ एप्रिल, सोमवार

मागच्या गावाच्या वाटेवर सायकल पंक्चर. चार किलोमीटर ढकलत आणली.

घरी ठिगळ लावायला खुंटीवरची जुनी ट्यूब काढली तर तिचा तुकडा आधीच कापलेला. चौकोनी, कात्रीने, नीट. मी कापलेला नाही. कुंताने कशाला तरी घेतला असेल. नळाला बांधायला, नाहीतर कपाटाच्या पायाखाली. विचारायला वळलोही.

२३ एप्रिल, मंगळवार

पोस्टाच्या कामाने मूलला गेलो. अमरच्या मोबाइल दुकानात डबी दाखवली. कुणाची, कशाची ते सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, मधेच थांबते.

त्याने चिप काढून पाहिली, फुंकली, खोडरबराने पुसली. म्हणाला, "काकाजी, एवढे जुने गाणे भरले तुमी, ते चढावर थकतेत. नवे टाकू का?" दुकानातले दोघे हसले. मीही थोडा हसलो असेन.

चिप पुसून कोरी करून पाहू का, असं त्याने विचारलं. नको म्हटलं. मग त्याने सगळी गाणी दुसऱ्या चिपेत उतरवून घेतली, क्रम तोच ठेवून. डबी काउंटरवर लावून ठेवली आणि दुसऱ्यांचे मोबाइल उघडत बसला. मी स्टुलावर बसलो. दीड तास. एकदाही थांबली नाही.

"ठणठणीत आहे," म्हणाला. "चिपच खराब होती. पण वापरली जपून हो कोणी, एक ओरखडा नाई हिच्यावर."

मला फार हलकं वाटलं. चिप! म्हणजे दोष चिपेचा. पण चिपही मीच आणली होती.

बसमध्ये डबी मांडीवर ठेवली. फाट्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात थांबली. दुसऱ्या खड्ड्यात आपोआप सुरू झाली. रोवण्याचं गाणं, पहिल्यापासून. समोरची बाई वळून पाहू लागली.

२४ एप्रिल, बुधवार

स्थिर असली की थांबत नाही. हलली की थांबते. एवढं नक्की झालं. अमरच्या काउंटरवर ती दीड काय, दहा तास वाजली असती.

२५ एप्रिल, गुरुवार

आज ते करून पाहिलं.

दोरी गळ्यात घातली. अंगणात, कडुनिंबाखाली, मोहफुलं वेचतात तसा वाकलो, उचलल्यासारखं केलं, टोपलीत टाकल्यासारखं केलं, पुढे सरकलो, पुन्हा वाकलो. चाळीस वेळा. अकरा वेळा डबी थांबली.

उमाजी जाळं खांद्यावर टाकून तलावाकडून येत होता. कुंपणापाशी उभा राहिला. "गुणवंत, काय हरपलं? मघापासून वेचून राह्यला."

मी म्हणालो, काही नाही.

"काई नाई तं मंग सापडन कसं?" जाळ्यातून एक मासा काढून भिंतीवर ठेवला आणि गेला. तेराव्यानंतर मी मासे आणलेले नाहीत हे त्याला माहीत आहे.

मोहफुलं म्हणजे सगळं वाकणंच. कुंता एका सकाळी हजार वेळा तरी वाकत असेल. चाळिसाला अकरा.

म्हणजे थांबली होती. किती वेळा थांबली असेल तो हिशेब मला करवत नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार

पोस्टात गेलो. आलो. जेवलो नाही.

२८ एप्रिल, रविवार

जयाला विचारलं. पाटलांच्या वाड्यामागे राहते, त्या दिवशीच्या चौघींपैकी एक. तिच्या दारात उभं राहून विचारायला मला तीन चकरा माराव्या लागल्या. दोनदा दारावरून पुढे निघून गेलो.

तिने खाट टाकली. चहा ठेवला. मी सरळ विचारलं, त्या दिवशी डबी वाजत होती का?

"वाजत होती नं काकाजी. नाल्याकडून आयकू येत होती."

मग बंद झाली?

"ते नाई सांगता येत. आपापल्या झाडाखाली होतो आमी. ध्यान वेचण्यात राह्यते."

हेच तर. गार्ड सांगतो एकत्र राहा. पण मोहाचं झाड प्रत्येक घराचं ठरलेलं आहे, आजोबा-पणजोबांपासून. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही. चौघी गेल्या तरी चार दिशांना चार झाडं, मधे झुडपं. एकत्र असतात त्या जाताना आणि येताना.

आमचं झाड टेकाडावर आहे. नाला खाली, उलट्या अंगाला. जंगलात आवाज कुठला कुठे ऐकू येतो.

जया म्हणाली, "तुमी काऊन इचारता हे?" मी म्हणालो, असंच. चहा अर्धा तसाच राहिला. तिला वाईट वाटलं असेल.

म्हणजे आधी वाजत होती. मग— माहीत नाही. पण अंगणातली चाळीस वाकणी माहीत आहेत.

३० एप्रिल, मंगळवार

रंजीताचा वरोऱ्याहून फोन. रोज करते. रोज तेच— जेवले का, इकडे या, दिव्यानी आजोबांची वाट पाहते. मी हो-हो म्हणतो.

आज सांगून टाकलं. कसं निघालं कळलं नाही. म्हणालो, तुझ्या आईने डबी दुरुस्त करायला सांगितली होती, मी केली नाही. ती त्या दिवशी थांबली असणार. वाकलं की थांबते, मी करून पाहिलं आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

 

ती म्हणाली, "बाबा, आईनं मले सांगतलं होतं डबी सुधरली म्हणून. होळीनंतर दोनेक दिवसांनी. तिनंच सुधरली. म्हणे, तुह्या बापाच्या भरवशावर राह्यली तं पुढच्या होळीले वाजन."

कशी सुधारली, विचारलं.

"बॅटरी आतमधी ढिली झाली होती म्हणे. मागून काईतरी कोंबलं तिनं. रबर का काय."

फोन ठेवला आणि खुंटीखाली जाऊन उभा राहिलो. ट्यूबमधलं चौकोनी भोक. बोटाने मापलं. अंगठ्याच्या नखाएवढं रुंद, दोन नखं लांब. डबी उघडली. बॅटरीच्या मागची जागा तेवढीच.

तो काळा कचरा नव्हता. मीच काढून फेकला. पाच तारखेला, पुसताना, केरात.

१ मे, बुधवार

सुट्टी. सकाळीच ट्यूबचा तुकडा कापला, तिने कापला होता तेवढाच. बॅटरीमागे सरकवला, झाकण लावलं. घट्ट बसलं.

अंगणात शंभर वेळा वाकलो. नंतर उड्याही मारल्या. डबी थांबली नाही. चौथ्या गाण्यानंतर पाचवं, पाचव्यानंतर सहावं. सातवं गाणं मी या पंधरा दिवसांत क्वचितच पूर्ण ऐकलं होतं.

म्हणजे त्या दिवशी थांबली नाही. कुंताने नीट केली होती. पंधरा दिवस मी जो बिघाड शोधत होतो तो मीच पाच तारखेला केलेला होता. ती गेल्यावर.

सुटलो असं वाटायला हवं. कंबर दुखते, एवढंच वाटतं.

डबी वाजत होती. तरी वाघ आला. मग गार्डचं काय, माझं काय, कोणाचं काय.

२ मे, गुरुवार

डबी दिवसभर भिंतीवर वाजत ठेवली. एक ते एकशे बारा. पोस्टातून आलो तेव्हा एकोणनव्वदावं चालू होतं. संध्याकाळी भिंतीपलीकडे सोमारी भांडी घासत होती. मधेच भांड्यांचा आवाज थांबला. बराच वेळ सुरू झाला नाही.

आज डबा ठेवला नाही तिने.

३ मे, शुक्रवार

एक महिना.

सकाळी सोमारी दारात आली. पहिल्यांदाच समोर. म्हणाली, "काकाजी, ते बंद करा नं." डबी बंद केली. ती उंबरठ्याशी खाली बसली.

तिने सांगितलं, त्या दिवशी डबी तिच्या स्वतःच्या गळ्यात होती. उमाजीच्या घराचं झाड नाल्याकाठी आहे, सगळ्यांत लांब. ती भीत होती. वाटा फुटतात तिथे कुंताने गळ्यातली काढून तिला घातली. "तू भेतं. ठेव तुह्यापाशी. मले कायले लागते, मी तोंडानंच म्हणीन." आणि गात गात टेकाडावर गेली. नंतर गावाकडे पळण्याआधी सोमारीने डबी कुंताच्या टोपलीत नेऊन ठेवली. घरात कोणाला सांगितलं नाही.

"मले आयकू येत होतं काकूचं. डबी वाजे तरी मधामधात येत होतं. मंग डबीत ढोलकीचं गाणं लागलं मोठ्यानं. काकूचं कवा थांबलं, मले समजलंच नाई."

तिला पाणी दिलं. मग विचारलं, कोणतं गाणं म्हणत होती?

"एक नंबरचं. डबी थांबली का तेच लागे नं पयल्यापासून. पाठ झालं होतं तिले."

एकतीस वर्षांत मी कुंताला गाताना ऐकलेलं नाही.